रँकिनची बदली

आमच्या मालेगावात बास्केटबॉलचा चाहता मी एकटाच आहे. (हे मालेगाव नाशिककडचं नव्हे, वाशिम रोडवरचं. हा खुलासा आम्हाला जन्मभर करावा लागतो, आणि तरीही आमची पार्सलं तिकडेच जातात.) मी इथल्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. उंची बेताची. चेंडू त्या जाळीत टाकण्याचा प्रयत्न आयुष्यात एकदाच केला. तो रिंग आणि फळीच्या मध्ये अडकून बसला आणि प्राचार्यांच्या देखत काठीने झोडून काढावा लागला, बोरं झोडावीत तसा. त्यानंतर मी खेळाकडे केवळ वैचारिक पातळीवर पाहत आलो आहे.

हा नाद मला माझ्या मुलीने, निकिताने लावला. ती पुण्याला नोकरीला लागली त्या पहिल्या वर्षी आमचं फोनवरचं बोलणं मोठं नमुनेदार असायचं. जेवलीस का? हो. तुमी? हो. मग थोडा वेळ दोन्हीकडे शांतता, आणि मग मी फोन विजयमालाकडे, म्हणजे तिच्या आईकडे द्यायचो. मायलेकी पुढे तासभर बोलत. बापलेकीत प्रेम कमी होतं असं नाही, विषय कमी होता. एका रविवारी निकिता म्हणाली, बाबा, तुमी तसेही पहाटे उठून भिंतीकडे पाहत बसता, त्यापेक्षा फोनवर एक मॅच लावा. अमेरिकेच्या पूर्वेकडचा एक संघ होता. त्यांची संध्याकाळ ती आपली पहाट. त्या संघातला रँकिन नावाचा एक डावखुरा, एक मोजा वर आणि एक खाली असा खेळणारा उंच गडी तिने मला दाखवला आणि म्हणाली, हा आपला.

तेव्हापासून पहाटे ती तिकडे एका फोनवर सामना पाहायची, मी इकडे, आणि विजयमालाच्या फोनवरून आमचं बोलणं चालू. रँकिनचा नेम, रँकिनचा गुडघा, रँकिनची नवी दाढी. त्या दाढीवरून घसरत घसरत बोलणं तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणीपर्यंत, घरमालकिणीपर्यंत, तिला मधेच आलेल्या तापापर्यंत यायचं. "तुला ताप आला होता का?" असं थेट विचारलं असतं तर ती "नाही" म्हणाली असती. रँकिनच्या आडोशाने सगळं कळायचं. एवढ्या उंच माणसाचा आडोसाही चांगला पडतो.

आणि फेब्रुवारीत त्याची बदली झाली.

तिकडे याला ट्रेड म्हणतात. त्याला मराठी शब्द शोधण्यात मी बराच विचार खर्च केला आहे. 'विकला' म्हणावं तर बैलाची आठवण होते. 'सौदा' हा शब्द आमचे शेजारी दुलीचंदजी यांच्या दुकानातला, तिथे तुरीचे आणि सोयाबीनचे सौदे होतात. माझे वडील आसेगावला जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. माणूस एका जागी रुळला, पोरांना मित्र मिळाले, अंगणात लावलेल्या लिंबाला लिंबं आली, की वरून एक कागद येतो आणि माणूस दुसरीकडे जातो. याला आमच्या घरात एकच शब्द होता, आणि तोच मी वापरला. दिवस नळाचा होता. आमच्याकडे पाणी येत नाही, नळ येतात, आणि तेही रोज नाही. सगळी गल्ली पाइप आणि ड्रम घेऊन बाहेर उभी. मी ओट्यावर, कानाला फोन, आणि पंपांच्या आवाजावर मात करण्यासाठी जरा चढ्या सुरात मी निकिताला म्हणालो, "रँकिनची बदली झाली. पश्चिमेला टाकला त्याला."

तिकडे शांतता. ती जुनी, जेवलीस-का-हो नंतरची शांतता होती, मी तिला लगेच ओळखलं.

मग निकिताने अडचण सांगितली. पश्चिमेकडचे सामने आपल्याकडे सकाळी साडेआठला, म्हणजे ती ऑफिसच्या बसमध्ये आणि मी वर्गात. रँकिन आता आपल्या कामाचा नाही. जुन्या संघात नाहीतर पूर्वेच्याच दुसऱ्या संघात कोणीतरी नवा पाहावा लागेल. "रँकिन मी निवडला होता बाबा, आता तुमी निवडा," ती म्हणाली, आणि नंतर सहज म्हणाल्यासारखं, "नाई जमलं तं राहू द्या. माही बी सकाळची झोप होईन."

तिने ते प्रेमाने म्हटलं. पण मला त्या वाक्याने जो गारठा भरला तो फेब्रुवारीचा नव्हता. खेळाडू गेला तर गेला, फोन जाता कामा नये.

मी कामाला लागलो. मध्यमवर्गीय माणसाने काही निवडायचं ठरवलं की त्याने कोणाला सांगू नये, हे मला माहीत आहे, पण मी सांगितलं. दुलीचंदजींनी पोत्यावरून उठून मला खुर्ची दिली, तूर महाग असताना आणि खेळाडू नावारूपाला आल्यावर कधी घेऊ नये हे तत्त्व समजावलं आणि म्हणाले, "नवा माल पाहा सरजी. नाव झालं का भाव झाला, भाव झाला का माल गेला." त्यांच्या पत्नी अंगुरीबाई यांना तो शाकाहारी आहे का एवढंच पाहायचं होतं. समोरच्या रुखमाबाईंनी विचारलं की आई-बाप सामने पाहायला येतात का, कारण ज्याचे येतात तो पोट्टा वळणाचा. विजयमालाचं म्हणणं सगळ्यांत व्यवहारी होतं. "लग्न झालेला पाहा. घरदारवाला मानूस लवकर हालत नाई."

म्हणून मी डेलेनी निवडला. पस्तिशीचा, तीन मुलांचा बाप, गावात स्वतःचं घर. मी त्याचं नाव निकिताला मोठ्या आत्मविश्वासाने सांगितलं. ती म्हणाली, "म्हातारा हाय बाबा. पन चालन."

इकडे गल्लीत काहीतरी शिजत होतं. एका संध्याकाळी दुलीचंदजी, रुखमाबाई आणि आणखी काही मंडळी माझ्या ओट्यावर आली. प्रकरण गंभीर होतं. आमच्या भागात नळ सोडणाऱ्या रामकिसनची बदली झाली होती.

रामकिसन म्हणजे काय हे बाहेरच्याला कळणार नाही. खांद्यावर ती लांब लोखंडी चावी टाकून तो पहाटे यायचा, चौकातला पाण्याचा वाल खोलायचा, आणि बाकीच्या गल्ल्यांपेक्षा आमच्या गल्लीला जरा जास्त वेळ खुला ठेवायचा. कारण विजयमालाच्या हातचा चहा. त्या चहात आलं किती असावं यावर त्याची ठाम मतं होती, तो कप संपेपर्यंत ती सांगायचा, आणि तोवर आमच्या टाक्या भरायच्या. असा माणूस जातो म्हटल्यावर गल्ली पेटून उठली तर नवल नाही. शिकलेला माणूस म्हणून निवेदन मीच लिहावं असं ठरलं.

मी लिहिलं, आणि चांगलं लिहिलं. त्यात 'तहानेने व्याकूळ आबालवृद्ध' असा शब्दप्रयोग होता. 'जनतेच्या भावनांचा उद्रेक' हेही होतं. दुलीचंदजींनी ते दोनदा वाचून घेतलं आणि शिष्टमंडळाच्या पुढे मलाच घातलं. बातमी कोणी आणली हे विचारण्याचं मला सुचलं नाही. निवेदन लिहिणाऱ्याने तपशिलात शिरू नये, असा या साहित्यप्रकाराचा संकेतच आहे.

पाण्याच्या ऑफिसातले साहेब तरुण होते, नव्याने आलेले. नाव संघदीप. त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं (ते बाटलीतलं होतं याची आम्ही नोंद घेतली), निवेदन शेवटपर्यंत वाचलं आणि शांतपणे म्हणाले, "पण अशी बदली झालेलीच नाही."

"झाली नसन, होनार तं हाय," रुखमाबाई म्हणाल्या. "आतून ठरलं हाय."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

शिष्टमंडळाने एकजुटीने माझ्याकडे पाहिलं.

"सरांनीच," रुखमाबाई म्हणाल्या. "नळाच्या दिवशी फोनवर सांगून राह्यले होते ना. रामकिसनची बदली झाली, पश्चिमेले टाकलं त्याले म्हने. म्या माह्या कानानं आयकलं."

रँकिन. रामकिसन. पंप चालू असताना या दोन नावांत फारसा फरक राहत नाही. मला सगळं एका क्षणात कळलं आणि दुसऱ्या क्षणी हेही कळलं की आता काही सांगता येणार नाही. समोर साहेब, हातात माझं निवेदन, त्यात माझ्याच अक्षरात व्याकूळ आबालवृद्ध, आणि मी काय सांगायचं, की साहेब, तो अमेरिकेतला डावखुरा गडी आहे? मी घसा साफ केला आणि म्हणालो की बदली नाहीच तर प्रश्नच मिटला, आपला वेळ घेतला, क्षमस्व. उठलोही. पण साहेबांना आता कुतूहल वाटू लागलं होतं. हा रामकिसन त्या भागात किती वर्षांपासून आहे, त्यांनी विचारलं.

दुलीचंदजींची छाती फुगली. "साहेब, पाइपलाइन टाकली तवापासून. दुसऱ्या मानसाचा हातच नाई लागू देल्ला आमी वालले."

साहेबांनी ते लिहून घेतलं. ज्या पद्धतीने लिहून घेतलं ते मला आवडलं नाही.

पुढच्या आठवड्यात रामकिसनची बदली झाली. वाशिम रोडच्या पलीकडे, पश्चिमेला. आदेशात म्हणे लिहिलं होतं की दीर्घकाळ एकाच भागात कार्यरत असल्याचे नागरिकांच्या निवेदनावरून निदर्शनास आले. आणि त्याच आठवड्यात, तिकडे अमेरिकेत बदल्यांची मुदत संपते त्या रात्री, माझा घरदारवाला डेलेनीही गेला. बायको-पोरं तिथेच, घर तिथेच, हा एकटा बॅग घेऊन दुसऱ्या टोकाला. आमच्याकडे निम्मे शिक्षक असंच अप-डाऊन करतात, पण त्यांना निदान एसटी आहे.

रामकिसनला निरोप द्यायचं ठरलं. शाल, श्रीफळ आणि माझं भाषण. भाषणानंतर तो माझ्याजवळ आला, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "सर, मले सोताले मालूम नवतं माही बदली होनार म्हून. तुमाले पयलेच समजलं आन् तुमी माह्यासाठी ऑफिसपर्यंत गेले. कोन करते एवढं?"

मी मान खाली घातली. लोकांनी ती नम्रता समजली.

आता रोडपलीकडून रामकिसन दिसायचा. तीच चावी, तोच खांदा, पण चहा दुसऱ्याचा. आमच्याकडे पाहून हात करायचा. त्याला हात करावा की करू नये यावर गल्लीत दोन तट पडले. रुखमाबाईंना ते बघवत नसे. "आता तिकडच्यायले पानी देऊन राह्यला," त्या म्हणायच्या, घरचं दूध पिऊन कोणी परक्याच्या दारात शेपटी हलवावी तशा सुरात. त्याच्या जागी आलेल्या हरीओमचा काही दोष नव्हता, पण त्याला पहिले कित्येक दिवस कोणी चहा विचारला नाही. मग तोही वाल घड्याळ पाहून बंद करू लागला. चाहत्यांनी वाऱ्यावर सोडलेला खेळाडू घड्याळाकडेच पाहतो.

मी निकिताला तिसरं नाव सांगितलं. ऑस्बी. दुलीचंदजींच्या तत्त्वानुसार नवा माल, वीस वर्षांचा, भाव अजून न झालेला. नाव सांगितलं ते सकाळी, आणि दुसऱ्या दिवशीच्या सामन्यात उडी मारून खाली येताना त्याचा गुडघा मुरगळला. या हंगामात पुन्हा दिसणार नाही असं जाहीर झालं. निकिता हसली, पण थोडंसंच. "बाबा, तुमी ज्याले धरता तो जाते," ती म्हणाली. मग म्हणाली, की ऑफिसात काम वाढलंय, सकाळी लवकर उठवत नाही, बघू. रविवारी जुन्या संघाचा सामना होता. मी विचारलं, पाहायचा ना? ती म्हणाली, तुमचं कोणी ठरलं तर सांगा.

ही गोष्ट घरात राहिली असती तर निभावलं असतं. पण विजयमालाने ती रुखमाबाईंना सांगितली, आणि रुखमाबाईंनी दोन आणि दोन यांची जी बेरीज केली ती माझ्या अर्थशास्त्रात बसत नाही. सरांनी रामकिसनचं नाव घेतलं, रामकिसन गेला. सरांनी अमेरिकेतल्या मानसायचे नाव घेतले, थेबी गेले. म्हणजे सरांची वर पोच आहे, किंवा जिभेवर काळा तीळ आहे. दोन्ही शक्यतांचा आदर राखून लोक वागू लागले.

दुलीचंदजी एका संध्याकाळी चिवड्याचा पुडा घेऊन आले. एक इन्स्पेक्टर त्यांच्या दुकानावर फार फेऱ्या मारत होता. "फकस्त एकदा त्याचं नाव तुमच्या तोंडून निघू द्या सरजी," ते म्हणाले. "मोठ्यानं नाई, मनातल्या मनात चालन." रुखमाबाईंचा जावई गडचिरोलीला मास्तर होता. त्याचं नाव मी रोज घ्यावं, आणि घेताना तोंड वाशिमकडे करावं, अशी त्यांची विनंती होती. मी सगळ्यांना समजावलं की ही अंधश्रद्धा आहे. त्यावर सगळ्यांनी समजुतीने मान हलवली, जशी मोठा माणूस उघडपणे कबूल करत नाही तेव्हा हलवतात. कॉलेजात तर एका सहकाऱ्याने, जो वाशिममध्ये घर बांधत होता, मला बाजूला घेऊन सांगितलं की यापुढे त्याला नावाने हाक मारू नये, नुसतं 'सर' म्हणावं. तेवीस वर्षं मी अर्थशास्त्र शिकवतो. माझ्या शब्दाला एवढं वजन कधीच नव्हतं, आणि ते आलं ते या स्वरूपात.

पण मला त्याचं काही नव्हतं. शनिवार उजाडला आणि माझ्याकडे नाव नव्हतं. मी चौदा संघांची पानं चाळली होती. प्रत्येक चेहऱ्याकडे पाहून वाटायचं, याला कशाला आयुष्यातून उठवा. रात्री जेवताना मी विजयमालाला म्हणालो की उद्या फोन करत नाही, पोरीला झोपू द्यावं.

तिने भाकरी वाढली आणि म्हणाली, "नाव घेतल्यावर जाते तं नाव नका घेऊ."

"नावाशिवाय खेळाडू कसा असेल?"

"काहून? पंचवीस वर्षं झाले, म्या तुमचं नाव घेतलं का कधी?" ती म्हणाली. "झाली का तुमची मालेगावातून बदली?"

मी जेवण अर्धवट सोडून उठणार होतो, पण भाकरी गरम होती.

पहाटे मी फोन केला. निकिताने उचलला, पण आवाजात झोप होती आणि थोडी नाराजी. "कोन ठरला?" तिने विचारलं.

"ठरला नाही. तू लाव तर खरं."

आणि पाहतो तर समोर रँकिन. तो नव्या संघाकडून, नव्या रंगाच्या कपड्यांत, आमच्याच संघाविरुद्ध खेळायला आला होता. एक मोजा वर, एक खाली. प्रेक्षक आधी उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि त्याने चेंडू हातात घेताच ओरडायला लागले. निकिता म्हणाली, "बाबा, आता टाळ्या वाजवाच्या का शिव्या द्याच्या?"  रामकिसनच्या बाबतीत आमच्या गल्लीला तरी याचं उत्तर कुठे सुचलं होतं.

त्याला अडवायला आमच्या संघाने बाकावरून एक पोरगा काढला. आम्ही त्याला कधी पाहिलं नव्हतं. कान मोठे, खांदे अरुंद. रँकिन त्याच्या डोक्यावरून चेंडू टाकायचा, बाजूने निघून जायचा, एकदा तर धक्क्याने हा पोरगा मागच्या प्रेक्षकांच्या मांडीवर जाऊन बसला. उठला, त्या लोकांना सॉरी म्हणाला, आणि परत रँकिनसमोर हात वर करून उभा. जणू मधे काही झालंच नाही. पुन्हा पडला. पुन्हा उभा.

"अरे बापा," निकिता म्हणाली. "याले कोनी सांगतलं नाई का घरी जाय म्हून?"

"नाही सांगणार. वळणाचा दिसतो."

"आई-बाप आले असन पाहाले."

आणि त्या पोराने कसा कोण जाणे रँकिनच्या हातातला चेंडू हिसकावला, धावत गेला आणि टाकला. आम्ही दोघं एकदम ओरडलो. विजयमाला आतून काय झालं म्हणून बाहेर आली. निकिता हसत होती, पूर्ण हसत होती. माझ्या तोंडात प्रश्न आलाच होता की याचं नाव काय. मी तो गिळला. समालोचक आता नाव घेणार, म्हणून मी सामन्याचा आवाज बंद केला. पण खेळाडूंच्या पाठीवर नाव लिहिलेलं असतं. तो पाठ वळवू लागला तसा मी चष्मा काढून ओट्यावर ठेवला.

"निकिता, नाव वाचलं का तू?"

"वाचलं."

"सांगू नकोस मला. आणि तूही घेऊ नकोस."

 ती समजली. "आता तुमाले दिसून काय राह्यलं चष्म्याबिना?"

"काही नाही. पिवळं हलतंय काहीतरी."

"थांबा," ती म्हणाली. पलंगावर नीट उठून बसल्याचा आवाज आला. "मी सांगतो. आता ते पानी पिऊन राह्यले. टॉवेल डोक्यावर घेतला. आता पाहा, रँकिनजवळ जाऊन राह्यले..."

तेव्हापासून असंच चालू आहे. पहाट झाली की मी चष्मा काढून ठेवतो आणि ती सांगते. न पाहता सामना ऐकायला पाहण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो, शिवाय बोलण्यात मधेमधे घरमालकीण येते, ऑफिस येतं, एकदा नागपूरचा कोणीतरी मुलगाही आला. आमचा तो मोठ्या कानांचा गडी अजून बाकावरच असतो बहुतेक वेळ, पण आमची काही तक्रार नाही. बाकावरच्या माणसाची बदली कोणाच्या डोक्यात येत नाही.

परवा रुखमाबाई विजयमालाकडे विरजण मागायला आल्या होत्या. फोनमधून निकिताचा आवाज आला, "बाबा, आज तिकडून सहा पॉइंट झाले." रुखमाबाई थांबल्या. कोणाचे सहा, त्यांनी विचारलं. काय नाव हाय त्याचं?

"आमच्यात नाव घेत नाहीत," मी म्हणालो.